टाकीवरचा सात

रिंगवाल्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला, खिडकीतून समोरच्या पाण्याच्या टाकीवर धरला आणि खाली ठेवला. "अजून जाडच आहे," ते पुटपुटले.

सकाळपासूनची ही तिसरी रिंग. फिल्मच्या जमान्यातली लेन्स आजच्या डिजिटल कॅमेऱ्यावर बसवायची तर मध्ये एक कडी, म्हणजे रिंग, लागते. ती ते लेथवर पितळेची काढून देत. बाजारात तयार कड्या ढिगाने मिळतात, पण त्यांना ते डब्याची झाकणं म्हणत. कडी केसभर जाड राहिली तर लांबचं पुसट दिसतं, पातळ झाली तर लेन्सवरच्या अंतराच्या खुणा खोट्या पडतात. त्यांची परीक्षा ठरलेली होती. लेन्स सगळ्यात लांबच्या, आडव्या इंग्रजी आठाच्या खुणेवर आणायची आणि टाकीवरचा साताचा आकडा बघायचा. आकड्याची कड स्वच्छ दिसली की रिंग पास. तीस वर्षांत त्यांनी दुसऱ्या कशावर विश्वास ठेवला नव्हता, कॅमेऱ्यामागच्या पडद्यावर तर नाहीच नाही.

"आता पुरे करा," बायको शिलाई मशीनवरून म्हणाली. "कागद कराल तिचा."

"आकडा फुटतोय गं."

चारला शिक्षिकाबाई आल्या. लेन्स त्यांच्या वडिलांची. वडील गेले, घर विकलं, उद्या किल्ल्या द्यायच्या. त्याआधी गच्चीवरून नदीचा एक फोटो त्यांना वडिलांच्याच लेन्सने काढायचा होता.

बाईंनी तिसरी रिंग चढवली, टाकीकडे कॅमेरा धरला आणि पडद्यावर चित्र मोठं केलं. "काका, खुणेच्या आधीच स्पष्ट दिसतंय. खुणेवर आणलं की बिघडतं."

"पडद्याचं काही खरं नसतं."

"डोळ्याला लावूनही बघितलं मी."

रिंगवाल्यांच्या कपाळावर आठी पडली. तरी त्यांनी खणातून सकाळची पहिली रिंग काढून दिली. "ही लावा. आता साताची कड कशी दिसते?"

"कुठला सात?"

"टाकीवरचा. दुसरा कुठला?"

"टाकीवर सात नाहीये, काका. 'पाणी जपून वापरा' असं लिहिलंय. अक्षरं मात्र छान दिसतायत. अगदी खुणेवर."

शिलाई मशीन थांबलं.

"टाकी रंगवून चार महिने झाले," बायको हळूच म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही रोज बघता."

रिंगवाले खिडकीशी गेले. टाकी होती, तिच्यावर निळसर काहीतरी होतं. सात त्यांनी आज सकाळीही पाहिला होता, पैजेवर सांगितलं असतं. त्यांना फार लाज वाटली.

"पहिलीच बरोबर होती," ते बाईंना म्हणाले. "माझा डोळा चुकला. घेऊन जा, फोटो चांगला येईल."

बाई गेल्यावर बायको म्हणाली, "उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ."

"जाऊ. आधी ती गिऱ्हाइकांची वही काढ. चार महिन्यांत ज्यांनी रिंगा नेल्या, त्यांना फोन लाव. परत घेऊन या म्हणावं."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

तिने वही उघडली, नंबर मोठ्याने वाचत फोन लावला. पलीकडे घंटा वाजू लागली. "अहो, पण कारण काय सांगू?"

रिंगवाल्यांनी हात पुढे केला आणि फोन तिच्याकडून घेऊन आपल्या कानाला लावला.