पाहुण्याच्या वाट्याचा गाळ

मार्चमधल्या एका शनिवारी एल रिंकोनचा पाट साफ होतो. ज्याच्या घरचं फावडं पाटात उतरत नाही, त्याला वर्षभर पाण्याची पाळी मिळत नाही. ऑरेलिया तफोया अवकाशयानांचे व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपनीत इंजिनीयर होती, तेव्हाही या दिवशी सुट्टी काढून न्यू मेक्सिकोतल्या आपल्या गावी यायची. त्या कंपनीत तिने आखलेल्या व्हॉल्व्हवर दुसऱ्याच कोणीतरी भाषण दिलं आणि तिला कॉफी आणायला सांगितलं. तिने नोकरी सोडली, पाटाची गेटं फोनवरून उघडणारं यंत्र बनवलं आणि स्वतःची कंपनी काढली. आता कारखान्यासाठी भांडवल हवं होतं. ते मिळालं नाही तर कंपनी टिकणं कठीण होतं.

भांडवलदार वेंडेल प्राइस कराराचे कागद घेऊन यंदा सफाईच्या सकाळीच आला. पाटकरी एलिसेओकाका फावड्याच्या दांड्याने मोजून एकेकाचा तुकडा आखत होते. त्यांनी प्राइससमोरही रेघ ओढली.

"हा तुमचा."

"मी पाहुणा आहे," प्राइस हसला.

"म्हणून तर सोपा दिलाय. मुळं कमी आहेत."

प्राइस काठावरच थांबला. खाली गाळ उपसणाऱ्या ऑरेलियाच्या हाती कागद देत म्हणाला, "एक अट राहिली. कंपनीचा अध्यक्ष आमचा माणूस, ग्रँट होईल. यंत्राचं तुम्हीच बघा. पण गिऱ्हाइकाला भरवशाचा चेहरा लागतो."

"गिऱ्हाईक इथंच उभं आहे. काका, जो पाटात उतरत नाही, त्याच्या हाती गेट द्याल?"

"सख्ख्या भावाला नाही दिलं. तेव्हापासून बोलत नाही तो. बरंच शांत वाटतं."

पाटात हशा पिकला. प्राइसचा चेहरा उतरला. "आमच्याशिवाय तुम्ही कापणीपर्यंत टिकणार नाही."

"नाही टिकले तर माझ्या हाताने टाळं लावीन. खुर्ची देणार नाही."

तिने कागद सही न करता परत दिले. त्याची गाडी गेली.

काका म्हणाले, "पाहुण्याचा गाळ यजमानाच्या वाट्याला. नियम आहे, पोरी."

"माहीत आहे."

ती रेघ ओलांडून प्राइसच्या तुकड्यात गेली. पहिलाच घाव काठच्या विलोच्या झाडाच्या जाड मुळावर बसला.

"मुळं कमी कुठं आहेत, काका?"

"सोपं म्हटल्यावर तरी उतरेल, असं वाटलं होतं."

ऑरेलियाने कुऱ्हाड मागितली.