कढत पाण्याची बादली

सिंगापूरमध्ये गरम पाण्याने आंघोळ करणाऱ्या म्हाताऱ्याकडे लोक जरा काळजीने बघतात. बाहेर नुसतं उभं राहिलं तरी अंगातून धारा लागतात आणि याला कढत पाणी कशाला हवं, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतं. मी उत्तर देत बसत नाही. जन्मभर भोसरीच्या एका औषध कंपनीत बॉयलर सांभाळला, वाफेत वाढलो, वाफेत रिटायर झालो. अंगावर चार तांबे कढत पाणी पडल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नाही, एवढंच.

बायको, सुरेखा, गेल्यावर मुलगा मला इथे घेऊन आला. २००६ साल होतं. 'थोडे दिवस या बाबा' म्हणाला आणि पुढे स्वतःच जाऊन माझा इथे राहायचा लाँग टर्म पास करून आला. शैलेंद्र बँकेत आहे. सून सविता पाया लेबारला एका ऑफिसात अकाउंटंट. नात इरा प्रायमरीत, माझ्याशी मराठीत सुरू करते आणि दुसऱ्या वाक्याला इंग्रजीत घसरते. मरीन परेडला त्यांचा फ्लॅट, दोन इमारतींच्या फटीतून समुद्राचा एक तुकडा दिसतो. तक्रारीला जागा नाही. पण ही सगळी माणसं शॉवरखाली उभी राहतात आणि गाडी धुवून काढावी तशी झटपट बाहेर येतात. त्याला मी आंघोळ म्हणत नाही. सविताने माझ्यासाठी लिटल इंडियातून लाल बादली आणली. तांब्या मी पुण्याहून बॅगेतच आणला होता.

गिझर स्वयंपाकघरात, खिडकीशेजारी भिंतीवर. इथे त्याला हीटर म्हणतात. पाइपाने गॅस येतो, आणि बाथरूमचा असो की सिंकचा, गरम पाण्याचा नळ सोडला की आतला बर्नर पेटतो. मी आलो तेव्हाचा गिझर जुना होता, आत एक बारकी ज्योत कायम जळत असायची. त्याचं नि माझं छान जमलं होतं. काही महिन्यांनी तो खालून गळायला लागला, आणि मिस्टर क्वेक नावाचा मेकॅनिक नवा बसवायला आला. मी त्याच्या डोक्यावर उभाच राहिलो. त्याने प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघितलं, धूर बाहेर नेणारी नळी नीट बसवली. गडी कामाचा होता. मी पास केला.

दुसऱ्या दिवशी माझ्या बादलीत थंडगार पाणी.

मी थोडा वेळ थांबलो. नवं यंत्र आहे, सरावेल. मग धार आणखी बारीक केली. पुण्याच्या आमच्या घरी बाथरूममध्ये लहानसा गिझर होता आणि त्याची एकच युक्ती होती, धार बारीक ठेवली की पाणी कढत येतं. सुरेखा बाहेरून ओरडायची, "धार बारीक ठेवा हो, अर्धं पुणं वाहवाल!" इतकी वर्षं ऐकल्यावर माझा हात नळाला आपोआपच तेवढा फिरायचा. तरी पाणी थंडच.

मी शैलूला सांगितलं. क्वेक आला, बाथरूमचा नळ सोडला, आणि हात मागे घेत, चालतंय की या अर्थी म्हणाला, "अंकल, कॅन, कॅन! व्हेरी हॉट!" खरंच वाफ निघत होती. पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावला. त्याने गिझरची ठिणगी पाडणारी बॅटरी बदलली, नळ सोडला, पुन्हा वाफ. तो गेल्यावर शैलूने मला बाथरूममध्ये नेलं, स्वतः नळ सोडला आणि लहान मुलाला दाखवावं तसा माझा हात पाण्याखाली धरला.

"बाबा, गरम आहे ना?"

"आत्ता आहे."

"मग सकाळी नव्हतं?"

"नव्हतं. काल होतं. परवा अर्धी बादली होतं."

त्याने नळ बंद केला. माझंच वाक्य माझ्या कानाला विचित्र लागलं. बॉयलर हाती असताना कुणी असा रिपोर्ट दिला असता, तर त्याला मी दाराबाहेर काढला असता. इराला मात्र मजा वाटली. "आजोबा, द हीटर डोन्ट लाइक यू लाह!" असं इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणून ती हसत सुटली. सविताने तिच्यावर डोळे वटारले, आणि ते मला जास्त लागलं. थट्टा थांबवावी लागते, म्हणजे गोष्ट थट्टेच्या पुढे गेलेली असते.

त्याच रविवारी दुपारी मी पडलो होतो. स्वयंपाकघरात दोघांना वाटलं मी झोपलोय.

"परवा बस स्टॉप चुकले," शैलू सांगत होता. "इराच्या शाळेचा कार्यक्रम विसरले. आणि आता हे पाणी. गरम पाण्यात हात घालून म्हणतात, सकाळी थंड होतं."

"वय आहे रे," सविता म्हणाली.

"आईचंही असंच सुरू झालं होतं."

त्यानंतर मला झोप कसली लागते! कारण तो खरं बोलत होता. सुरेखा एक दिवस सिंकपाशी उभी होती, नळ धो धो वाहत होता आणि ती वळून मला म्हणाली, "अहो, पाणी गेलं वाटतं." मी हसलो होतो. पुढच्या तीन वर्षांत तिचं एकेक करून सगळं गेलं, शेवटी माझं नावही गेलं. बॉयलर फुटायची भीती मला नोकरीत कधी वाटली नाही. त्या दुपारी मात्र पलंगावर पडल्या पडल्या वाटली. नळाला पाणी असून तिला दिसत नव्हतं. पाणी गरम असून मला लागत नव्हतं. यात फरक काय?

मग मी तक्रार करायचं सोडलं. "आज मस्त कढत होतं हो," म्हणत बाहेर यायचो आणि खोलीत जाऊन पाठ शेकत बसायचो. थंड पाण्याने कंबर धरली होती. रोज सकाळी बादलीत बोट बुडवायचं आणि आज डोकं ठिकाणावर आहे की नाही ते बघायचं, असा माझा नेम झाला. कधी गरम लागायचं, तेव्हा जीव भांड्यात पडायचा. रविवारी हमखास थंड. बोलायचं कुणाशी? घरात सगळे माझ्याशी इतके गोड वागायला लागले होते की मला रडू यायचं.

एका संध्याकाळी शैलू माझ्या पलंगाच्या कडेला येऊन बसला. म्हणाला, "बाबा, पुढच्या मंगळवारी हॉस्पिटलमध्ये जाऊन येऊ. जनरल चेकअप." त्याला खोटं बोलता येत नाही, लहानपणीही यायचं नाही, कान लाल होतात. मी बरं म्हटलं.

मंगळवार उजाडला. सविता लवकर ऑफिसला गेली, इरा शाळेत. शैलूने रजा घेतली होती, तो हॉलमध्ये पेपर चाळत होता. मी पंचा गुंडाळून बाथरूममध्ये गेलो, बादली लावली, धार सोडली, बोट घातलं. थंड. आणि मला एकदम संताप आला. कुणाचा म्हणून विचाराल तर गिझरच्या त्या पांढऱ्या पेटीचाच आला. डॉक्टरकडे वेडा म्हणून जायचंच आहे, तर निदान जाण्यापूर्वी आग स्वतःच्या डोळ्यांनी बघून जाईन. इतके दिवस मी बाथरूममध्ये आणि आग स्वयंपाकघरात. बॉयलरच्या माणसाने ज्योत न बघताच रिपोर्ट दिला होता!

नळ तसाच चालू ठेवून मी पंचावरच स्वयंपाकघरात गेलो. गिझरला समोर एक बारकी काच असते. आत काळोख. ज्योत नाही, आवाज नाही. आणि तिकडे माझ्या बादलीत पाणी पडत होतं, इथवर ऐकू येत होतं.

म्हणजे पाणी थंडच होतं. मला लागत होतं ते खरं होतं.

मी काच पुसून पुन्हा बघितलं. मग आठवलं, ज्या दिवशी गरम लागायचं त्या दिवशी बाहेरून भांड्यांचा आवाज यायचा. सविता ऑफिसला निघण्याआधी तुपातेलाची भांडी सिंकमध्ये गरम पाण्याने विसळायची. तिला वेळ नसला की ती तशीच टाकून जायची. रविवारी ती उशिरा उठते. मी सिंकचा गरम नळ सोडला. टिक टिक टिक, भप्प! काचेत निळी ज्योत नाचायला लागली. नळ बंद केला, ज्योत गेली. पुन्हा सोडला, भप्प.

आमच्या बॉयलरमध्ये आधी आग आणि मग वाफ. या पठ्ठ्याचं उलटं होतं, याला पाणी जोरात वाहिलं तरच पेटायचं कळतं. माझी ती बारीक धार त्याला जाणवतच नव्हती; सविताचा नळ जोडीला सुटला तरच तो पेटायचा आणि मलाही गरम मिळायचं. जुन्याला थेंबभर पाणी पुरायचं, याला पुरत नव्हतं. आणि पाणी थंड लागलं की मी काय करायचो? धार आणखी बारीक! क्वेकने आणि शैलूने दर वेळी नळ पूर्ण सोडला होता. बारीक धारेने आंघोळ करणारा या घरात मी एकटा.

"शैलू!"

तो धावत आला. मी पडलो असं त्याला वाटलं असणार, चेहरा पांढराफटक होता. समोर बाप पंचावर उभा, सिंकचा नळ वाहतोय, आणि बाप हसतोय. तो आणखीच घाबरला.

"बाबा, काय झालं? बसा, बसा आधी."

"बसत नाही. ही काच बघ. काय दिसतं?"

"ज्योत."

मी नळ बंद केला. "आता?"

"काही नाही."

"आता बाथरूममध्ये जाऊन बघ, माझा नळ चालूच आहे. पाण्यात हात घाल."

तो गेला. बराच वेळ आला नाही. मग बाथरूमच्या पाण्याचा आवाज मोठा झाला आणि काचेत ज्योत आली. आवाज बारीक झाला, ज्योत गेली. पुन्हा मोठा, पुन्हा ज्योत. माझ्या चाळिशीतल्या मुलाने तो खेळ कितीदा केला कोण जाणे. बाहेर आला तेव्हा बाह्या भिजलेल्या होत्या. तो स्टुलावर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"बाबा, मला वाटलं..."

"ठाऊक आहे काय वाटलं ते. मलाही तेच वाटत होतं."

"आईच्या वेळी मला कळलंच नाही हो. फोनवर ती इतकं नीट बोलायची. मी दर रविवारी फोन करायचो आणि मला काहीसुद्धा कळलं नाही." तो ओली बाही पिळायला लागला. "म्हटलं, आता तुमच्या वेळी तरी..."

मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तेही कितीतरी वर्षांनी. इतके दिवस मला वाटत होतं की हा मला तपासतोय. तो आपल्या आईला शोधत होता.

जरा वेळाने त्याने डोळे पुसले. "मी अपॉइंटमेंट कॅन्सल करतो."

"अजिबात नाही," मी म्हटलं. "आमच्याकडे दर वर्षी बॉयलर इन्स्पेक्टर यायचा. चांगला चालणारा बॉयलरही थंड करून, उघडून, ठोकून बघायचा. त्यात कुणाचा अपमान नसतो. पण आधी मी आंघोळ करणार."

नळ पूर्ण सोडला. सुरेखा, माफ कर, अर्धं सिंगापूर वाहिलं. बादलीतून वाफ निघत होती. पहिला तांब्या पाठीवर पडला आणि मी मोठ्याने 'आहाहा' केलं. बाहेर शैलू हसला, मला ऐकू आलं.

डॉक्टर बाई तरुण होत्या, बोलायला गोड. आजची तारीख विचारली, देश विचारला, शंभरातून सात वजा करत जायला लावलं. आकड्यांत मी कच्चा नाही. तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले होते, त्यातले दोन आठवले. तिसरा काही केल्या येईना. घाबरलो, खोटं कशाला बोलू? त्या म्हणाल्या, काळजी करू नका, एवढं चालतं, वर्षाने पुन्हा बघू. म्हणजे वार्षिक तपासणीच. मग त्यांनी कागद पुढे केला. कोणत्याही भाषेत, मनात येईल ते एक वाक्य लिहा.

मी लिहिलं, 'आज मी कढत पाण्याने आंघोळ केली.'

त्यांना मराठी कुठून वाचता येणार! त्यांनी कागद शैलूकडे दिला, काय लिहिलंय म्हणून. त्याने ते मनात वाचलं, मग मोठ्याने मराठीत वाचलं. इंग्रजीत सांगायला तोंड उघडलं, पण त्याला शब्द फुटेना. डॉक्टर बाई एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघायला लागल्या.

"हॉट वॉटर बाथ, डॉक्टर," मीच सांगून टाकलं. "टुडे. फुल बकेट."

शैलू रुमालासाठी खिसे चाचपत होता. रुमाल घरीच विसरला होता. मी माझा दिला.