तिच्या वाट्याची पुडी

‘रोग स्त्री-पुरुष असा भेद करत नाही.’ हे वाक्य डॉक्टरीणबाईंच्या पाठीमागच्या भिंतीवर सुबक अक्षरांत लावलेलं होतं, आणि त्याच्याच खाली बसून बाई समजावून सांगत होत्या, की करतो.

त्यांनी एक्स-रेची फिल्म उजेडासमोर धरली. आत सोडलेलं औषध दोन्हीकडे वाटेतच अडलं होतं. गर्भाशयाच्या नळ्या बंद, म्हणून मूल होत नव्हतं. जुना संसर्ग. पुरुषाला तो बहुधा लगेच कळतो. जळजळ होते, पू येतो, माणूस धावत दवाखाना गाठतो. बाईला पुष्कळदा काहीच कळत नाही. ती घर झाडते, कामावर जाते, आणि आतली वाट बुजत राहते.

समोर बसलेली बाई शर्टांच्या कारखान्यात काजं करायची. बटणांना वाट मोकळी करून देण्यात तिची उमेदीची सगळी वर्षं गेली होती. शेजारी नवरा, लिफ्टचा मेकॅनिक. कामासाठी परगावी जायचा आणि तिथे मालक लोक सोय उत्तम करतात, असं सांगायचा. कसली सोय, हे विचारायची घरात पद्धत नव्हती.

पूर्वी कधी त्रास झाला होता का, असं डॉक्टरीणबाईंनी त्याला विचारलं.

“मला? छे,” तो म्हणाला आणि छताचा पंखा धंदेवाईक नजरेने न्याहाळू लागला.

बाहेर बाकावर सासूबाई निकालाची वाट बघत होत्या. त्यांनी आधीच जाहीर केलं होतं : दोष सुनेत निघाला, तर रविवारी तिच्या भावाला बोलवायचं आणि मुलासाठी दुसरी बघायची. भावाच्या खोलीत त्याचीच पोरं पाय दुमडून झोपायची. भाऊ तिला म्हणाला होता, ताई, जीव देईन, पण जागा कुठून देऊ?

बंद नळ्यांना औषध नव्हतं. संसर्ग मात्र अजून अंगात होता. तो दोघांनी घालवायचा होता, आजच. नर्सने दोघांच्या हातावर एकेक पुडी ठेवली आणि आतल्या बोळातल्या नळाकडे बोट दाखवलं.

“पुन्हा दोन,” नवरा पुटपुटला.

“पुन्हा म्हणजे?”

नळाचं पाणी वाहत राहिलं. मग त्याने थोडं थोडं करून सांगितलं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तो परगावाहून आला होता आणि मोरीत दात आवळून उभा राहायचा. उष्णता झालीय म्हणाला होता. तिने त्याच्या तळपायांवर ओल्या पट्ट्या ठेवल्या होत्या. तेव्हाच्या डॉक्टरनेही पुड्या दोनच दिल्या होत्या. एक तुझी, एक बायकोची.

“मग माझी कुठं गेली?”

“मीच घेतली. म्हटलं, दुप्पट गुण येईल.”

“मला द्यायची होतीत.”

“कशाची म्हणून देणार होतो?”

तिने खरोखरच विचार केला. “ताकदीची म्हणायचं. मी घेतली असती. तुम्ही दिलेलं मी आजवर काय विचारून घेतलंय?”

त्याने आपली पुडी उघडून गोळी घेतली. तिने आपली पुडी मुठीतच धरून ठेवली. मग तिने त्याची बाही धरली; मनगटाशी तिनेच केलेलं काज होतं. आईंना खरं सांगा, ती म्हणाली. तेवढंच करा. मला दुसरं काही नको.

“सांगतो की,” तो म्हणाला.

बाहेर येऊन त्याने आईला सांगितलं, “हिच्या नळ्या बंद आहेत.”

यात एक अक्षर खोटं नव्हतं.

“वाटलंच होतं मला,” सासूबाई उठत म्हणाल्या. “रविवारी बोलवा भावाला.”

सून नवऱ्याकडे बघत राहिली. तो लिफ्टकडे बघत होता. ती बंद पडली होती आणि लोक खोळंबले होते. त्याने झाकण उघडून आत हात घातला, काहीतरी दाबलं, आणि लिफ्ट सुरू झाली. खाली जाताना सासूबाईंनी लिफ्टमधल्या लोकांना सांगितलं, की अडलेलं मोकळं करावं तर आमच्या मुलानंच.

कोपऱ्यात सुनेने पुडी सोडली आणि पाण्याशिवायच गोळी गिळली.

“कसली गं ती?” सासूबाईंनी विचारलं.

“ताकदीची.”

“आता कशाला?”

गोळी एकच होती. चवीला कडूही नव्हती.