टबात फिरलेला बॉल

रविवारी सकाळी दहाच्या आत साकीनाक्याच्या मागच्या मैदानावर चारपाचशे माणूस जमलं होतं, आणि त्या दिवशी मॅच नव्हती. मैदानाच्या मधोमध पाण्याने भरलेला एक निळा प्लास्टिकचा टब ठेवला होता. सगळे त्याच्याभोवती उभे होते आणि कुणी बोलत नव्हतं. फुटबॉलचं पब्लिक ओरडत असलं की काळजी नसते. गप्प झालं की सांभाळायचं, हे जानकीला बावीस वर्षांत पुरतं कळलं होतं. टब तिचाच होता. सकाळी क्लबची माणसं न विचारता मोरीतून उचलून घेऊन गेली होती.

टबाशेजारी तिचा नवरा सहदेव खुर्चीवर बसला होता. बसवला होता म्हणा. साकी स्पोर्टिंग या क्लबचा तो सामानवाला. बॉल धुणं, हवा भरणं, जर्सी वाळवणं हे त्याचं काम, आणि राहायला मैदानामागची एक खोली. क्लब व्यावसायिक लीगमध्ये खेळायला लागला, खेळाडू परदेशी आले, पण सामानवाला तोच राहिला.

मागच्या रविवारी वरच्या लीगमध्ये जाण्याची मॅच होती. शेवटच्या मिनिटाला समोरच्या संघाने चाळीस यार्डांवरून फ्री किक मारली. बॉल हवेत आधी डावीकडे गेला, मग उजवीकडे, आणि गोलकीपरच्या डोक्यावरून जाळ्यात. साकी स्पोर्टिंग हरली. घरच्या मैदानावर बॉल आपल्या क्लबचे असतात, म्हणजे सहदेवचे. संध्याकाळपर्यंत मोबाइलवर पक्कं झालं, की बॉलमध्ये रिमोटवर चालणारी चिप होती. हवेत बॉल वळवायला चिपला पंख लागतील की पंखा, हे विचारायला कुणाला सवड नव्हती. त्यात मॅचआधीचा एक व्हिडिओ फिरला. सहदेव नारळ हातात धरून बॉलच्या पोत्यासमोर काहीतरी पुटपुटतोय. खाली लिहिलं होतं, ‘कोकणातली करणी’. चिपही आणि करणीही. एकाने भागलं असतं, पण रागाच्या भरात माणूस दोन्ही हातांनी वाढून घेतो.

शनिवारी खोलीच्या खिडकीवर दगड आला. काचा गोळा करताना जानकीने नवऱ्याला विचारलं होतं, ‘‘खरा सांग, तू कायतरी केलंस काय?’’

‘‘गाऱ्हाणा घातलंय,’’ तो म्हणाला. ‘‘बा देवा राखणदारा, आजच्या खेळात कोणाचो पाय मोडू नको. व्हय म्हाराजा. इतक्याच. तूसुद्धा इचारतंस?’’

त्यानंतर तो तिच्याशी बोलला नव्हता. आपण विचारायला नको होतं, हे जानकीला तेव्हापासून टोचत होतं.

‘‘बंधू-भगिनींनो!’’ टबामागून आवाज आला. नंदकिशोर सर. बोरिवलीहून आलेले, स्वतःला कंपनतज्ज्ञ म्हणवणारे. पांढरा कुर्ता, पायात लाल स्पोर्ट्स शूज, कानात कसलंसं यंत्र. ‘‘मी बाबा नाही. मी चमत्कार करत नाही. मी सायन्स करतो! बॉल मेलेला असतो. चिप घातली की तो जिवंत होतो. जिवंत वस्तू पाण्यात स्वस्थ बसत नाही. मुलुंडच्या क्लबात मी असाच एक पकडून दिला. तो सामानवाला आज कुठे आहे, कुणालाही माहीत नाही!’’

काही जण हसले. जानकी सहदेवच्या खुर्चीच्या आणखी जवळ सरकली.

डोक्यावरून विमान गेलं. इथे विमान गेलं की माणसं वाक्य अर्धं सोडून थांबतात आणि मग तिथूनच पुढे बोलतात. तेवढ्या वेळात क्लबचे सेक्रेटरी मधुकरराव सहदेवच्या हातात, ‘चिप मीच घातली’ असं लिहिलेला एक कागद देऊन गेले. मॅच हरल्याबद्दल लोक मधुकररावांनाही शिव्या घालत होते, तेव्हा हा कागद त्यांना फारच सोयीचा होता. ‘‘बॉल फिरला की सही कर. संध्याकाळपर्यंत खोली खाली. नाहीतर हे पब्लिक आणि तू, बघून घ्या.’’

नंदकिशोरने दुकानातून आणलेला कोरा करकरीत बॉल उचलला. डोळे मिटले, हातात गोल गोल फिरवला, अगदी हळुवार पाण्यावर ठेवला आणि हात काढून घेतला. बॉल जागचा हलला नाही.

‘‘शुद्ध!’’

मग मॅचचा बॉल. तोच, ज्याने घात केला. तोही त्याने पाण्यावर ठेवला. क्षणभर काही झालं नाही. मग बॉल आपणहून डोलला, हळूहळू कुशीवर वळला, पुरता पालथा झाला आणि थांबला.  मागे कुणीतरी काठी जमिनीवर आपटली, मग दुसऱ्याने, मग चारपाच जणांनी.

‘‘कापून चिप दाखवा ना सर,’’ एक जण म्हणाला.

‘‘कापला की चिप स्वतःला जाळून घेते. इतके ॲडव्हान्स लोक आहेत हे!’’

सहदेवने मान वर केली नाही. त्याने टबाकडे एकदाही पाहिलं नव्हतं, तो पेन शोधत होता. पाहत होती ती जानकी. तिला आधी नुसतीच भीती वाटत होती. मग तिला नंदकिशोरचा अंगठा दिसला. कोरा बॉल हातात फिरवताना तो अंगठ्याने काहीतरी चाचपत होता, आणि सापडल्यावर ती बाजू बरोबर खाली घालून त्याने बॉल ठेवला होता. असा अंगठा तिने कुठे पाहिला होता? स्वतःच्या हाताला.

दर सोमवारी मोरीत, याच टबात, ती आणि सहदेव बॉल धुवायचे. हवा कुठून जाते ते बघायला बॉल पाण्यात धरायचा, व्हॉल्व्हपाशी बुडबुडे येतात का पाहायचं. आणि व्हॉल्व्ह मेला नेहमी खाली जायचा. वर करून धरावा लागायचा, सोडला की परत खाली. बावीस वर्षं ती त्याला शिव्या घालत आली होती.

‘‘थांबा,’’ ती म्हणाली. आवाज फाटला, म्हणून तिने पुन्हा म्हटलं, ‘‘थांबा! तो नवा बॉल मी ठेवते.’’

‘‘ताई, तुम्ही दूर व्हा.’’

‘‘टब माझा आहे.’’

ती सरळ पुढे गेली. कोऱ्या बॉलचा व्हॉल्व्ह शोधला, वर केला आणि बॉल पाण्यावर सोडला. बॉल डोलला, कुशीवर वळला, पालथा झाला.

काठ्या थांबल्या.

‘‘तुमच्या हातात नवऱ्याची कंपनं आहेत,’’ नंदकिशोर घाईने म्हणाला. ‘‘शुद्ध बॉल बाटवलात तुम्ही!’’

‘‘मग प्रीतम ठेवील. इकडे ये रे.’’ प्रीतम म्हणजे समर्थकांचा म्होरक्या. हा जमाव त्यानेच बोलावला होता. लहानपणी उन्हात खेळून आला की जानकीच्याच माठातलं पाणी प्यायचा. तो नजर चुकवत पुढे आला. ‘‘खुर्चीमागच्या पोत्यातले आठही बॉल काढ. हे बारीक भोक दिसतंय ना? ते वर करून ठेव एकेक.’’

प्रीतमने पहिला ठेवला. फिरला. दुसरा. तिसरा. आठही बॉल शहाण्या पोरांसारखे एकामागून एक पालथे झाले.

‘‘काकी,’’ प्रीतम पुटपुटला, ‘‘आठांतही चिप?’’

‘‘डोकं चालव रे! आत रबराचा फुगा असतो. त्याला एका जागी ही हवा भरायची जाड नळी चिकटवलेली. ती बाजू जड. जड बाजू पाण्यात खाली जाणार, याला कसली चिप? यांनी नवा बॉल जड बाजू खाली घालून ठेवला, तो कशाला फिरेल? जुना वर करून ठेवला, तो फिरला. सगळी करामत ठेवण्यात आहे.’’ ती नंदकिशोरकडे वळली. ‘‘आता तुम्ही पाठ करून उभे राहा. प्रीतम ठेवतो. नुसतं कंपनावरून सांगा, चिपवाला कुठला.’’

नंदकिशोरने टबाकडे पाहिलं, मग गेटकडे. ‘‘इथली कंपनं आता बिघडलीत,’’ तो म्हणाला.

‘‘पण काकी, गोल कसा वळला?’’ मागून कुणीतरी ओरडलं. ‘‘डोळ्यांनी पाहिलंय आम्ही!’’

उत्तर खुर्चीवरून आलं. ‘‘बॉलला फिरकी न देता जोरात मारला की हवा त्याला नीट जाऊ देत नाही. इकडेतिकडे ढकलते,’’ सहदेव म्हणाला. आवाज बारीक होता, पण आता तो टबाकडे बघत होता. ‘‘आपला सात नंबर दर मंगळवारी सरावात तसाच मारतो. तेव्हा तुम्ही शिट्ट्या वाजवता. समोरच्याने मारला की चिप.’’

 जमाव हलला तो मात्र सहदेवकडे नाही, नंदकिशोरकडे. त्याच काठ्या, तीच माणसं, तीच शांतता. पांढऱ्या कुर्त्याची कॉलर कुणीतरी धरली. जानकीला वाटलं, मारू देत. खरंच वाटलं. मग तिला खिडकीच्या काचा आठवल्या आणि ती मध्ये घुसली.

‘‘हात लावायचा नाही! पोलिसांना बोलवा, पण हात लावायचा नाही. दहा मिनिटांपूर्वी माझ्या नवऱ्याला मारणार होतात, आता ह्याला. तुम्हाला फक्त माणूस बदलून पाहिजे. डोकं कधी वापरणार?’’ तिला रडू फुटत होतं, तरी ती बोलत राहिली. ‘‘घरची माणसं फसतात रे, मीसुद्धा फसले, मीसुद्धा नवऱ्याला विचारलं. विचारणं चुकीचं नाही. पण विचारल्यावर तपासायचं. दुसऱ्याच्या हाताने नाही, आपल्या हाताने.’’

कॉलर सुटली. मधुकररावांनी सहदेवच्या मांडीवरचा कागद हळूच उचलून त्याची घडी घातली. जानकीने तो त्यांच्या हातातून घेतला आणि टबात टाकला.

मग तिने नंदकिशोरला विचारलं, ‘‘मुलुंडच्या त्या सामानवाल्याचं नाव काय होतं?’’

त्याने कुर्ता सारखा केला. आठवायचा प्रयत्न केला. डोक्यावरून विमान गेलं, आवाज विरला, सगळे वाट पाहत राहिले. त्याला नाव आठवलं नाही.

‘‘प्रीतम,’’ जानकी म्हणाली, ‘‘त्या माणसाला शोधायचं. मिळेल तिथून. आणि उद्या मुलुंडला टेम्पो करायचा.’’

‘‘कशाला, काकी?’’

‘‘टब न्यायचाय. त्यांच्या मैदानावर ठेवू, पाणी भरू. आणि या वेळी बॉल तिथल्या पब्लिकलाच ठेवायला लावू.’’

सहदेव खुर्चीवरून उठला. भिजलेला एक बॉल त्याने उचलला, शर्टाने पुसला आणि व्हॉल्व्हवर अंगठा दाबून हवा बघितली.

‘‘चल गो,’’ तो म्हणाला. ‘‘हे बॉल वाळत घालूक होये.’’