घरचं स्वच्छ पाणी

डीएनए म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांचं दप्तर सांभाळणारा कारकून, एवढीच लोकांची समजूत. प्राध्यापकांनी मात्र त्याला राखणदारीच्या कामाला जुंपलं होतं. पाण्यात शिसं असलं की त्यांचा डीएनएचा धागा जोडीच्या धाग्याला कापायचा आणि नळीत हिरवा उजेड पडायचा. शिसं नसेल तर अंधार.

घोडं अडलं होतं ते या अंधारापाशी. स्वच्छ पाण्यातही हे मेले धागे उजळायचे! आणि तुलनेसाठी घेतलेलं स्वच्छ पाणी कुण्या ऐऱ्यागैऱ्याच्या घरचं नव्हतं, खुद्द प्राध्यापकांच्या स्वयंपाकघरातलं होतं. तिथला भरदार पितळी नळ त्यांनीच जुन्या बाजारातून हौसेने आणून बसवलेला. रोज सकाळी ते स्वतः दोन बाटल्या भरत, एक प्रयोगशाळेसाठी आणि एक गरोदर सुनेसाठी. डॉक्टरांनी तिला भरपूर पाणी प्यायला सांगितलं होतं.

"सर, दुसऱ्या कुणाच्या घरचं पाणी घेऊन बघू या का?" सहायिकेने एकदा विचारलं.

"का? आमच्या पाण्याला काय धाड भरलीय?"

ती गप्प बसली. उजळणारा प्रत्येक धागा 'खोटारडा' असं लिहून फ्रीजरच्या तळाशी जाऊ लागला. शेवटी एकदाचा घरच्या पाण्यात न उजळणारा धागा मिळाला आणि प्राध्यापकांना आभाळ ठेंगणं झालं. गप्प बसणाऱ्याला शहाणा म्हणायची रीत प्रयोगशाळेतही चालते.

पाहुण्यांना प्रयोग दाखवायच्या आदल्या दिवशी ते नेमकी बाटली घरी विसरले. सहायिकेने प्रयोगशाळेबाहेरच्या नळाचं पाणी आणलं. जुने धागे किती खोटं बोलतात ते दाखवावं, म्हणून त्यांनी खोटारडेही बाहेर काढायला लावले. सगळ्या नळ्यांत अंधार.

"सुधारले की लेकाचे!" प्राध्यापक हसले.

सहायिकेने नळ्यांत शिशाचा थेंब टाकला. एकूण एक खोटारडा लख्ख उजळला. शहाणा तेवढा शिशातही गप्पच राहिला.

प्राध्यापकांचं हसू मावळलं. डोळ्यांपुढे पितळी नळ आला, मग दुसरी बाटली. अंगावरचा पांढरा कोटही न काढता ते घरी धावत सुटले.

सून टेबलाशी बसून पाणी पीत होती.

"थांब! पिऊ नकोस ते!"

"का हो, बाबा? तुम्हीच तर भरून ठेवलंय."

त्यांनी पेला तिच्या हातून घेऊन मोरीत ओतला. "जुन्या पितळात शिसं असतं, ते नळातून पाण्यात उतरतंय बहुतेक. आजच रक्त तपासून घेऊ तुझं."

तिचा हात आपसूक पोटावर गेला. "बाळाला काही होणार नाही ना?"

प्राध्यापकांनी खिशातून फोन काढून डॉक्टरांचा नंबर लावला. आपले सगळे धागे खरोखरच खोटारडे निघावेत, असं त्यांना त्या क्षणी अगदी मनापासून वाटलं.