चेकरच्या बसचा विमा

जन्मभर बसमध्ये चढून लोकांची तिकिटं तपासलेल्या माणसाला निवृत्तीनंतर सगळं सोडता येतं, एक खोड तेवढी सुटत नाही. समोरचा माणूस फुकट्या आहे असं आधी धरून चालायचं. तो तसा नाही, हे त्याचं त्याने सिद्ध करावं. या गृहस्थाला घरीदारी सगळे चेकरच म्हणत. दूधवाल्याने कधी माप शिगोशीग भरलं, तर आजच का भरलं, या विचाराने चेकरचा दिवस वाया जाई.

बरं, नुसता संशय घेऊन थांबेल तर तो चेकर कसला! त्याची तपासायची एक रीत होती. नोकरीत असताना तो साध्या कपड्यांत बसमध्ये चढे आणि सीटवर मुद्दाम छत्री विसरून उतरे. संध्याकाळी छत्री डेपोत जमा झाली, तर कंडक्टर प्रामाणिक. अशा त्याच्या बऱ्याच छत्र्या गेल्या, पण माणसं कळली, असं तो अभिमानाने सांगे. बायको म्हणायची, "माणसं कळली म्हणे. पावसात भिजत कोण यायचं ते सांगा आधी."

अशा या माणसाने म्हातारपणी एक जुनी बस विकत घेतली. भंगारात जायच्या रांगेत उभी होती. तिला मेहुण्याच्या, गाड्यांच्या बॉड्या बांधायच्या वर्कशॉपमध्ये आणून तिघांनी मिळून तिचं घर केलं. मेहुण्याने सीट काढून पत्र्याचं काम केलं. चेकरने पलंग आणि कपाटं ठोकली. गॅसची आणि पाण्याची लाइन मात्र बायकोने टाकली, स्वतःच्या हाताने. शाळेच्या प्रयोगशाळेत ती सहायक होती. वर्गभर बर्नर पेटायचे, पण तिच्या कारकिर्दीत एकाही पोराची भुवई जळली नव्हती. हे ती कुणाला सांगत नसे. चेकर सांगे, आणि खरं म्हणजे जगात त्याने न तपासलेली तेवढी एकच गोष्ट होती.

तिला ती बस चेकरपेक्षा जास्त हवी होती. नोकरीची सगळी वर्षं तिने एका खोलीत काढली होती आणि त्या खोलीच्या खिडकीतून शेजारच्या इमारतीची मागची भिंत दिसायची. "रोज सकाळी उठून खिडकीतून काहीतरी वेगळं दिसलं पाहिजे," एवढंच तिचं मागणं. त्यापायी भाड्याचं घर सोडायचं ठरलं होतं, भांडीकुंडी वाटून झाली होती, महिनाअखेरीला चावी मालकाच्या हातात द्यायची होती. आणि घोडं नेमकं इथेच अडलं. विम्याशिवाय बस रस्त्यावर काढता येईना, आणि विमा द्यायला कुणी तयार होईना.

एक कंपनी म्हणाली, ही बस आहे, मग प्रवासी कुठायत? दुसरी म्हणाली, हे घर आहे, मग पत्ता सांगा. चेकर म्हणाला, "जिथे ब्रेक लागेल तो पत्ता." त्यांनी फोन ठेवला. तिसरीकडच्या माणसाने बस कुठल्या सालची ते विचारलं, आणि साल ऐकल्यावर त्याला हसू आलं. ते लपवायला तो खोकला. बाकीच्यांनी तर नुसतं ऐकूनच कानावर हात ठेवले.

मग एक एजंटबाई भेटली. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "होईल की. आम्ही असल्याच गाड्या करतो. फिरती वाचनालयं, दातांच्या दवाखान्याची गाडी. आमचा सर्व्हेअर येऊन बघेल, त्याने होकार दिला की झालं."

झालं! चेकरच्या मनात पाल चुकचुकली.

"इतक्या लोकांनी नाही म्हटलं आणि ही एका दमात हो म्हणते?" तो बायकोला म्हणाला. "कुठेतरी पाणी मुरतंय."

"अहो, अडचणीत आलेल्याला कुणी हो म्हटलं, तर आधी आभार मानतात."

"आज हो म्हणतील, हप्ता घेतील. उद्या बस कुठे धडकली की म्हणतील, तुमचं अमुक चुकलं होतं, तमुक बसवलं नव्हतं. सर्व्हेअर हिचाच कुणीतरी असणार. येईल, चहा पिईल, डोळे झाकून सही करेल."

"मग काय, त्याने नाही म्हणावं असं वाटतंय तुम्हाला?"

 सर्व्हेअरने हो म्हटलं तर तो लबाड आणि नाही म्हटलं तर बस गेली, अशा पेचात चेकरने स्वतःच स्वतःला अडकवून घेतलं होतं. त्यातून सुटायचा एकच मार्ग त्याच्या डोक्यात आला. तोच, छत्रीवाला.

सर्व्हेअर यायच्या दिवशी सकाळी चेकर बायकोच्या आधी वर्कशॉपमध्ये पोचला. मेहुणा पलीकडे एका टेम्पोखाली झोपून ठोकाठोकी करत होता. चेकरने पाना घेतला, बसमध्ये चढला आणि ओट्याखालचा गॅसच्या नळीचा जोड सैल केला. फार नाही, हाताने हलेल इतकाच. सिलिंडर बंद होता, तेव्हा धोका काहीच नव्हता. खरा सर्व्हेअर असेल तर जोडाला हात लावेल आणि पकडेल. नुसता सही करणारा असेल तर ओट्याकडे बघून मान हलवेल. मग आपण त्याला तिथल्या तिथे धरायचं, जोड आवळायचा आणि दुसरी कंपनी शोधायची. चेकर स्वतःवर खूश झाला. बायकोला काही सांगायची गरज त्याला वाटली नाही. आधी सांगून ठेवलं की माणसाच्या तोंडावर दिसतं, हा त्याचा जुना अनुभव होता.

सर्व्हेअर आला तो मोठा टॉर्च आणि गुडघ्याला बांधायच्या गाद्या घेऊन. चाळिशीतला, स्थूल, जरा धापा टाकणारा माणूस. चेकरने चहा विचारला, तर म्हणाला, "आधी काम, काका." हेही चेकरला खटकलं. फार सोज्वळपणा करणाऱ्यांकडे तिकीट नसतं, असा त्याचा हिशेब.

पण माणूस कामाला लागला आणि चेकरची पंचाईत होऊ लागली. सर्व्हेअरने दाराच्या बिजागऱ्या हलवून बघितल्या. पलंगावर सगळा भार टाकून बसला. मागचं संकटकाळचं दार उघडायला लावलं आणि ते उघडायला वेळ लागला म्हणून चेकरला दोन शब्द सुनावले. मग गाद्या बांधून तो बसखाली शिरला आणि चेकरला टॉर्च धरायला बोलावलं. दोघं पाठीवर झोपून वर बघत होते. सर्व्हेअर नखाने गंज खरवडत होता.

"सांगाडा चांगला आहे," तो म्हणाला. "पत्र्याचं काम कुणाचं?"

"मेहुण्याचं."

"चांगलं आहे. आणि जमिनीला हे जाळी लावलेलं भोक?"

"ते हिने पाडून घेतलं. सिलिंडरच्या बाजूला. गॅस गळाला तर खाली निघून जावा म्हणून."

"वा," सर्व्हेअर म्हणाला. "हे लोक विसरतात. पाच गाड्यांत..."

आणि बोलता बोलता थांबला. त्याने नाक वर केलं. दुसऱ्याच क्षणी त्या स्थूल माणसाच्या तोंडून इतका मोठा आवाज निघाला की पलीकडची ठोकाठोकी बंद पडली.

"काडी ओढू नका! वर कोण आहे? काडी ओढू नका!"

चेकरच्या हातातून टॉर्च पडला. वर त्याची बायको होती. पाहुण्याचं काम उरकत आलं असं बघून ती चहा टाकायला बसमध्ये चढली होती, तिने सिलिंडर उघडला होता, आणि हे दोघं बसखाली असल्यामुळे चेकरला त्याचा पत्ताच नव्हता.

तो कसा बाहेर आला, कसा पायरी चढला, त्याला आठवत नाही. ती ओट्यापाशी उभी होती. एका हातात काडेपेटी, दुसऱ्या हातात न ओढलेली काडी. सर्व्हेअर त्याच्या मागून आला, दोघांना बाजूला सारून खाली वाकला, सिलिंडर बंद केला आणि सगळ्या खिडक्या उघडायला लावल्या. मेहुणाही धावत आला. "काय झालं, ताई?" त्याने विचारलं. 

वास गेल्यावर सर्व्हेअरने जोड हाताने हलवून दाखवला. "हे काम कुणी केलं?"

"मी," ती म्हणाली.

"सैल राहिलाय."

"नाही हो. काल संध्याकाळी साबणाचं पाणी लावून बघितलंय मी." ती खाली बसली, जोडाला हात लावला. तो तिच्या बोटांत फिरला. तिचा आवाज एकदम उतरला. "बघितलं होतं असं वाटतंय. नसेल बघितलं."

सर्व्हेअर चांगला माणूस होता. त्याने आवाज चढवला नाही. "होतं असं, काकू. पण आता मला हे पास करता येणार नाही. सगळी लाइन काढून लायसन्सवाल्या माणसाकडून नवी करून घ्या. मग मी परत येतो."

"लाइन कशाला, बसच राहू दे," ती म्हणाली. "मला नको आता. माझ्या हातून तुम्हा सगळ्यांचा जीव गेला असता." आणि तिने काडेपेटी ओट्यावर ठेवली, हात पदराला पुसले आणि ते हात मांडीवर उताणे ठेवून दुसऱ्या कुणाचे असावेत तसे बघू लागली.

आता बघा, चेकरला गप्प बसता आलं असतं. सर्व्हेअर खरा निघाला होता. चार दिवसांत लाइन नवी झाली असती, विमा मिळाला असता, बायकोची समजूतही काढली असती. बोललं तर मात्र सगळंच अंगाशी येणार होतं. हे सगळं त्याच्या डोक्यात येऊन गेलं. नाही कसं येणार? पण तिच्या त्या उताण्या हातांकडे त्याला बघवेना.

"जोड मी सैल केला," तो म्हणाला.

कुणाला काही कळलं नाही. त्याला पुन्हा सांगावं लागलं. "आज सकाळी. पान्याने. तुम्ही पकडता की नाही ते बघायला. सिलिंडर बंद होता... ही चहा टाकेल असं माझ्या डोक्यातच आलं नाही."

मेहुणा म्हणाला, "भाऊजी, तुम्ही माणूस आहात की कोण?" आणि तो बाहेर निघून गेला. सर्व्हेअर पलंगावर बसला आणि गुडघ्याच्या गाद्या सोडायला लागला. एक सोडून झाल्यावर त्याने मान वर केली.

"मीसुद्धा संशयावरच जगतो, काका. माझं पोटच त्याच्यावर आहे. आताही मला पटत नव्हतं. जो माणूस जाळीचं भोक बरोबर जागी पाडतो, तो जोड असा ठेवत नाही. पण मी शंका आली तर हलवून बघतो. सैल करून बघत नाही."

 आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी चेकरला विनातिकीट पकडलं होतं आणि सगळी बस बघत होती.

"काकू, जोड आवळा," सर्व्हेअर म्हणाला. "साबण लावून दाखवा. मी होकार देतो. पण विमा तुमच्या नावावर घ्या, गाडीसुद्धा तुमच्या नावावर करून. या माणसाच्या नावावर मी सायकलचाही विमा होऊ देणार नाही."

तिने जोड आवळला. साबणाचं पाणी लावलं. एक बुडबुडा आला नाही. सर्व्हेअरने फोटो काढले, चहा न घेताच तो निघाला, आणि जाताना नमस्कार फक्त तिला केला.

बसमध्ये दोघंच उरली. विमा होणार होता, बस निघणार होती. चेकरने घसा खाकरला.

"चहा टाकतेस?"

"टाकते," ती म्हणाली. "तुम्ही खाली उतरा. जरा लांब जाऊन उभे राहा."

तो आज्ञाधारकपणे उतरला. रागावली असेल, एकटीला बसायचं असेल, असं त्याला वाटलं. पण खिडकीतून त्याला दिसलं की ती पुन्हा खाली वाकली आहे. तिने परत साबण लावला. मग शेगडीच्या मागचा जोड, मग सिलिंडरचा रेग्युलेटर. प्रत्येक ठिकाणी नाक नेऊन वास घेतला. मग काडेपेटी उचलली आणि तशीच हातात धरून थांबली. 

तेव्हा त्याच्या लक्षात आलं. त्याने फक्त एकच जोड सैल केला होता हे त्याला माहीत होतं. तिला माहीत नव्हतं. आणि माहीत नसताना तिने त्याला लांब उभं केलं होतं आणि ती आत थांबली होती.

 चेकर पायरी चढून आत गेला.

"उतरा म्हटलं ना?"

"दुसरा कुठलाच नाही गं सैल केलेला," तो म्हणाला. पण आपल्या बोलण्याला आता काही किंमत उरलेली नाही, हे त्याला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. त्याने स्टूल ओढलं, शेगडीला अगदी लागून ठेवलं आणि त्यावर बसला.

"ओढ काडी," तो म्हणाला.

तिने त्याच्याकडे बघितलं, बराच वेळ, खोटं बोलणाऱ्याकडे बघावं तसं. मग काडी ओढली.