म्हशीची असेंब्ली

मी सहा चित्रांत एक म्हैस संपवली. लिनोलियमच्या तुकड्यावर कोरायचं, शाईचा रोलर फिरवायचा, वर कागद दाबायचा, की ठसा तयार. पहिल्या ठशात अख्खी म्हैस, शेणानं माखलेल्या शेपटीसकट. दुसऱ्यात शेपटी काढली. मग पोट, पाय, डोळे. शेवटी उरल्या तीन रेघा. आणि तरी ती म्हैसच! त्यासाठी चिखलीतलं आमचं अख्खं घर वर्षभर शाईच्या वासात झोपलं.

पुण्यातल्या गॅलरीवाल्यांनी मला दारातूनच परत पाठवलं. ‘हे काय काम आहे का?’ असं विचारून विचारून थकलेल्या पप्पांनी मात्र चाकणच्या त्यांच्या गाड्यांच्या कंपनीतल्या कँटीनची भिंत मिळवली. माझं पहिलं प्रदर्शन. मी पोचले तर त्यांनी चित्रं लावूनही टाकलेली. आधी तीन रेघा, शेवटी अख्खी म्हैस.

माझं डोकंच फिरलं. “पप्पा, क्रम उलटा लावलाय!”

“उलटा कसा? आधी चॅसी, मग पाय, मग बॉडी. शेवटी फिनिश म्हैस. जन्म गेला लाईनवर, मला नको शिकवू.”

त्यांच्या शेजारी काम करणारे सोपानराव घरी दोन म्हशी पाळून आहेत. ताट घेऊन ते भिंतीजवळ आले आणि पप्पांना म्हणाले, “ब्येस जमलीय म्हस, भिवा. शेपटी तर एक नंबर बसवलीय पोरीनं.”

“काका, बसवली नाही, काढली!”

“का? रिजेक्ट निघाली व्हय?”

सगळं कँटीन हसलं. पप्पांची मान खाली गेली. मला रडू यायला लागलं, म्हणून मी ओरडले, “एकेक काढत गेले मी! किती काढलं तरी म्हैस म्हैस राहते, तेच बघायचं होतं!”

सोपानरावांचा घास हातातच राहिला. “म्हंजे आमच्या लाईनीवर आमी चाळीस व्हतो, आता बारा हाय, आन् गाड्या तेवढ्याच निघत्यात. तसंच का?”

खरं सांगते, माझ्या डोक्यात असलं काहीएक नव्हतं. पण म्हटलं, “तसंच.”

आता कुणी हसेना. फोटो काढायला आलेल्या एचआरच्या वर्षाराणी मॅडम लगबगीनं पुढे झाल्या. “भिवाजी, आहे तसंच राहू द्या हं. असेंब्ली कशी पॉझिटिव्ह वाटते. ते कमी करण्याबिमीचं नको.”

पप्पांनी ताट बाजूला सारलं आणि खुर्ची भिंतीजवळ ओढली. “पोरगी म्हणती तसंच लागणार.”

“अहो, पुढच्या महिन्यात तुमचा सेंडऑफ. आता कशाला उगाच?”

“म्हणूनच तर.”

ते वर चढले. खुर्ची डुगडुगायला लागली तशी सोपानरावांनी खरकट्या हातानंच धरली. पप्पांनी सगळी चित्रं उतरवून माझ्याकडे दिली आणि रिकामा हात पुढे केला.

“मिनल, आधी कुठली?”

मी अख्खी म्हैस दिली.